समेची वाट न बघता

८ सप्टेंबर, सोमवार

फिजिओवाल्या हेतलबेननी आज हुकूम सोडला, "डाबा हाथे रोज शुं कर्युं ए लखी राखजो, मधुबेन." म्हणजे डाव्या हाताने रोज काय दिवे लावले त्याची नोंद ठेवायची. लिहायचं उजव्या हाताने. तो ठणठणीत आहे, त्यामुळे सबब सांगायची सोय नाही.

तर आजची नोंद. दहा राजम्यांपैकी सहा उचलून वाटीत टाकले. चार सोफ्याखाली गेले. रमाकांत गुडघ्यांवर बसून ते शोधत होते. बडोद्याच्या रिफायनरीत मोठमोठे पंप सांभाळलेला माणूस, रिटायर होऊन बायकोचे राजमे शोधतोय. आधी हसू आलं, मग रडू.

संध्याकाळी हिंमत करून डग्गा पुढ्यात घेतला. मे महिन्यात पक्षाघाताचा झटका आला त्यानंतर पहिल्यांदाच. बोट कातड्यावर पडलं तर आवाज काय, 'थप्'. रिकाम्या डब्यावर चापट मारल्यासारखा. चाळीस वर्षं मैफिलीत तबला वाजवते मी, शिकवते. डॉक्टर म्हणतात तुम्ही नशीबवान, बोलणं वाचलं, पाय वाचला. तबला वाजवणारीचा डावा हात गेला आणि म्हणे नशीबवान!

नलूताईंचा फोन आला. सात डिसेंबरला त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गाणं आहे. त्यांच्या साथीला अठ्ठावीस वर्षं मीच बसते. "तू असणार ना गं मधू?" म्हणाल्या. मी म्हटलं, असणार. फोन ठेवता ठेवता पुन्हा तेच, "तू असणार ना?" किती काळजी करतात माझी.

असणारच. तीन महिने आहेत हातात.

१० सप्टेंबर, बुधवार

आकांक्षाने आज अजब उपाय काढला. कार्टी घरूनच नोकरी करते, आणि नोकरी संपली की त्याच खुर्चीत बसून तलवारबाजीचे खेळ खेळते. तिच्या त्या दिवे लागणाऱ्या कॉम्प्युटरला मी गेली चार वर्षं नावं ठेवत आले आहे. ती म्हणाली, "आई, तुझ्या डाव्या हाताला यात जेवढं काम आहे ना, तेवढं हेतलबेनच्या राजम्यात नाही."

मी म्हटलं, डोंबल. त्यावर तिने समजावलं ते असं. कॉम्प्युटरवर खेळताना उजव्या हातात नुसता माउस असतो. चालणं, पळणं, उडी मारणं, वार चुकवणं, हे सगळं डाव्या हाताच्या बोटांनी, कीबोर्डवर. अंगठीचं बोट डावीकडे नेतं, मधलं पुढे, तर्जनी उजवीकडे, करंगळी पळवते. टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रात हातात धरायचं एक खेळणं असतं, त्यात डाव्या अंगठ्यालाच सगळं काम. "अंगठ्याने तू काय वाजवणार?" हे मात्र पटलं.

बसले. पडद्यावर एक बाई, हातात तलवार, पडका किल्ला. तिला मी सरळ भिंतीवर नेऊन आपटलं. मग कुणीतरी गदा घातली आणि बाई मेली. आकांक्षा म्हणाली, अकरा सेकंद.

बरं. उद्या बारा.

१३ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस पडून होते. माउस जरा हलला की सगळा किल्ला गरगर फिरतो. परवा खेळता खेळता उठले ती थेट बेसिनपाशी. रमाकांत घाबरले, त्यांना वाटलं दुसरा झटका. मी सांगितलं, झटका नाही हो, किल्ला फिरला.

आज आकांक्षाने ते फिरणं कमी केलं, पडद्याचं थरथरणं बंद केलं, आणि ज्या बोटांनी मला ठोके हवेत त्याच बोटांखाली वार आणि चुकवणं आणून दिलं. असं कुठलंही बटण कुठेही नेता येतं म्हणे. हा या प्रकाराचा मोठा गुण. दवाखान्यातल्या व्यायामाच्या यंत्रात मला यंत्राप्रमाणे वळावं लागतं, इथे यंत्र माझ्याप्रमाणे वळलं.

आणखी एक गोष्ट मानली. मेल्यावर इथे कुणी चुकचुकत नाही. सोसायटीत खाली उतरले की बायका मान वाकडी करून "अरेरे, बहु खोटुं थयुं", फार वाईट झालं, करतात. इथे मेलं की पुन्हा त्याच दारात उभं करतात, चल म्हणतात. चाळीस वेळा मेले आज.

१७ सप्टेंबर, बुधवार

किल्ल्याच्या दारावर एक गदावाला आहे. तो पुढे सरकू देत नाही. तीन घाव घालतो. पहिले दोन मी चुकवते, तिसऱ्याला मरते. रोज तिसऱ्यालाच मरते. दात-ओठ खाऊन बसले होते, तर मागे उभी असलेली आकांक्षा खदाखदा हसायला लागली.

"आई, तू मोजतेयस!"

खरंच की. दोन घाव सारख्या अंतराने आले की माझ्या डोक्यात तिहाई सुरू होते. तोच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. जगात असंच होतं असं मी पाच वर्षांची असल्यापासून धरून चालले आहे. त्या मेल्याला ताल ठाऊक नाही. तिसरी गदा तो उचलून धरतो, थांबतो, आणि मी समेवर उडी मारून मोकळी झाले की मग घालतो. दुसरं कुणीही नुसतं बघून शिकलं असतं. मी सात दिवस समेची वाट बघत मरतेय.

"मोजू नकोस, त्याच्या खांद्याकडे बघ," आकांक्षा म्हणाली. मोजू नकोस म्हणे. हे म्हणजे श्वास घेऊ नकोस म्हणण्यासारखं आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नवरात्र चालू आहे. आमच्या गोत्री भागातल्या प्रत्येक सोसायटीत गरबा, आणि प्रत्येकाचा ढोल वेगळ्या लयीत. खिडकी बंद केली तरी सहा मात्रा कानात. आज त्या ढोलावरच खेळले आणि जास्तच मेले.

पण हाताचं सांगते. ब्लाउजची पाचही हुकं आज डाव्या हाताने लावली. राजमे दहापैकी दहा. हेतलबेन म्हणाल्या, "वाह! शुं करो छो घरे?" मी म्हटलं, राक्षस मारते. त्यांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे. मात्र बजावलं, दिवसाला चाळीस मिनिटं, वर नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी नलूताई दांडिया बाजारातून रिक्षाने आल्या, मला सोनं द्यायला. या वयात, दोन जिने चढून. आपट्याची पानं माझ्या डाव्या हातात ठेवली आणि मूठ मिटली. "याच हाताला देते," म्हणाल्या. दोघींचे डोळे भरले.

संध्याकाळी पुन्हा दाराची बेल. पुन्हा नलूताई, पुन्हा सोनं. तसंच डाव्या हातात ठेवलं. "आज दसरा ना, म्हटलं तुला आधी द्यावं." रमाकांत काही बोलणार होते, मी डोळ्यांनी दटावलं. प्रेमाने दोनदा दिलं तर आपण मोजायचं का? ते मात्र त्यांना घरी सोडायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. आल्यावर न जेवताच झोपले.

६ ऑक्टोबर, सोमवार

माझं डोकं फिरलं होतं. खरं तेच लिहिते.

कार्यक्रम ठरवणाऱ्या जयवंतरावांचा फोन आला. नाटकी गोड आवाज. "मधुवंतीबाई, तुमच्यावर ताण नको, म्हणून विक्रमसिंहला तयारीत राहायला सांगितलंय." विक्रमसिंह माझाच शिष्य. पंधरा वर्षं माझ्या समोर बसून शिकला, माझ्याच हातच्या पोळ्या खाल्ल्या. फोन ठेवला आणि त्या कॉम्प्युटरपुढे बसले. हेतलबेनची चाळीस मिनिटं गेली चुलीत. सलग तीन तास. वेळ कसा गेला कळलंच नाही, हा या खेळांचा सगळ्यात वाईट गुण. 'एकदाच अजून' म्हणतात आणि ते एकदा संपत नाही. भूक कळली नाही, हात दुखतोय हेही कळलं नाही.

आता मनगट टम्म सुजलंय. चमचा धरवत नाही. हेतलबेन ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. पंधरा दिवस बंदी.

दोन महिनेच उरलेत, त्यातले पंधरा दिवस मी स्वतःच्या हाताने घालवले. मूर्ख बाई.

२२ ऑक्टोबर, पाडवा

बंदी उठली. हौसेने बसले तर खेळ सगळा नवीन. आपोआप सुधारणा झाली म्हणे, आणि त्या सुधारणेत माझी सगळी बटणं पुन्हा जुन्या जागी. किल्ला पुन्हा गरगर. सुधारणा करणाऱ्यांनी एकदा विचारावं तरी! आकांक्षाने तासभर बसून सगळं परत लावलं, तेही पाडव्याचं, नव्या ड्रेसमध्ये. मी तिच्यासाठी बासुंदी केली. डाव्या हाताने ढवळली.

३० ऑक्टोबर, गुरुवार

विक्रमसिंह आला. दारातच वाकून नमस्कार. "ताई, तुम्ही नको म्हणा, मी बसणार नाही." मी त्याला पाणी दिलं आणि तबला-डग्गा काढायला सांगितला. म्हटलं, ऐक आधी.

तीनताल वाजवला. मग दुप्पट. बोटं पळत होती! स्वतःवरच खूश झाले. त्याच्याकडे पाहिलं तर तो जमिनीकडे बघत होता.

"ताई, साचुं कहुं?" खरं सांगू का, म्हणे.

"कहे ने."

"लय एकदम चोख आहे. पण डग्गा बोलत नाही. वजन नथी."

सहा महिन्यांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. आज कळलं की तो बरोबर आहे, आणि का तेही कळलं. कीबोर्डच्या बटणाला जोर कळत नाही. हळू दाबा, जोरात दाबा, बाई तेवढीच उडी मारते. डग्ग्याचं सगळं सुख त्या फरकात आहे. मनगटाचा तळ कातड्यावर दाबत पुढे सरकवला की घुमारा चढतो, सोडला की उतरतो. दीड महिना मी बोटांना पळायला शिकवलं आणि तळहाताला झोपवून ठेवलं.

विक्रमसिंह गेल्यावर तासभर नुसती बसून होते. हरले असं वाटलं. मग उठले.

२ नोव्हेंबर, रविवार

रमाकांतांना खंडेराव मार्केटात पिटाळलं, भाजीबरोबर बाजरीचं पीठही घेऊन या म्हटलं. खेळ सकाळी चाळीस मिनिटं, वेगासाठी. आणि दुपारी परातीत पीठ, वजनासाठी. डाव्या तळहाताने मळायचं, मनगटाच्या तळाने रेटायचं, भाकरीही डाव्यानेच थापायची. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला. रमाकांतांनी मुकाट खाल्ली. आकांक्षा म्हणाली, "आई, मी चाललेय बाहेर सेव-उसळ खायला."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज नलूताईंकडे पहिली बैठक. अकरा वाजता गेले, डग्गा रमाकांतांनी उचलून आणून दिला. चहा झाला, मग बसलो. विलंबित एकताल, बारा मात्रा, मुंगीच्या पावलाची लय. डग्गा थोडा बोलला. रोज सतरा भाकऱ्या थापते, बोलेल नाही तर काय!

पण बाई अंतरा घेईनात. बंदिशीचा पहिला भाग झाला की पुन्हा पहिलाच. तीनदा. दुसऱ्या भागात डग्ग्याला काम जास्त, म्हणून मला वाचवत होत्या. माझं डोकं तापलं. हात थांबवून म्हटलं, "नलूताई, माझी कीव करू नका. अंतरा घ्या."

माझ्याकडे बघत राहिल्या. "झाला ना अंतरा?"

"खोटं नका बोलू. मला झेपेल."

मग एकदम, "चहा घेतेस?"

"आत्ताच झाला की." कप समोरच होते.

"हो का." आणि हसल्या. विषय कसा बदलावा हे कुणी त्यांच्याकडून शिकावं.

निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "विक्रमसिंह तालाला पक्का आहे गं. पण तू असलीस की मला रस्ता सापडतो." मी रागातच होते. नीट उत्तर दिलं नाही.

घरी येताना रमाकांतांना म्हटलं, त्या मला सांभाळून घेतायत, मला नको आहे ते. ते म्हणाले, "मधू, तू जात जा त्यांच्याकडे रोज." मी म्हटलं, रोज जायला मी काय आजारी आहे?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

गदावाला मेला!

मोजणं थांबलं असं नाही. ते डोक्यात चालूच असतं. पण आज तिसरी गदा वर थांबली तेव्हा मीही थांबले. सम आली, गेली, मी हलले नाही. खांदा पडला तेव्हा तर्जनी आपोआप दाबली गेली, मी ठरवायच्या आधी. आकांक्षा एवढी किंचाळली की खालच्या मजल्यावरच्या काकी विचारायला आल्या, "शुं थयुं?"

एक सांगते. हे खेळ बनवणाऱ्यांना गोष्ट म्हणून सांगता येत नाही. तो गदावाला कोण, का चिडलाय, दोन महिन्यांत कुणी सांगितलं नाही. आवाज इतका की कान किटतात. पण मला जे कुठल्या गुरूने शिकवलं नाही ते या ठोंब्याने शिकवलं. समोरचा तुझ्या हिशेबाने वागणार नाही. त्याच्याकडे बघ.

६ डिसेंबर, शनिवार

उद्या. हात बरा आहे. पूर्वीचा नाही, बरा आहे. विक्रमसिंह माझ्या मागे बसणार, हातोडी घेऊन, तबला स्वरात ठेवायला. त्याने स्वतःच मागून घेतलं ते काम.

भीती वाटते. खूप वाटते. पण बसणार मीच.

८ डिसेंबर, सोमवार

काल लिहिण्याची ताकद नव्हती. आज सगळं क्रमाने लिहिते.

सभागृह भरलेलं. सगळं मराठी बडोदं पैठण्या नेसून आलेलं, आणि निम्मे लोक नलूताईंना नाही, माझ्या हातालाच बघायला आलेले. विलंबित छान झालं. मध्ये दोनदा डाव्या हाताने दगा दिला. कुणाला कळलं नाही, विक्रमसिंहला कळलं.

द्रुत, म्हणजे जलद लयीतली बंदिश, सुरू झाली. तीनताल, सोळा मात्रा. नलूताईंनी अंतरा उचलला आणि पहिल्याच ओळीत शब्द थांबले. त्या आकारात गात राहिल्या, लोकांना वाटलं काय सुंदर आलाप. मी तोंडाकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर गाणं नव्हतं. बाजारात हात सुटलेल्या पोरीसारखे डोळे. कुठे आहोत तेच त्यांना कळत नव्हतं.

ठेका तसाच ठेवून मी मनगटाचा तळ डग्ग्यावर रेटला. घुमारा चढवत नेला, अगदी समेपर्यंत. इकडे या, म्हणून. तालाचं एक आवर्तन गेलं. दुसऱ्याला पुन्हा तसंच. तेव्हा त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, आणि समेवर आणणारा मुखडा उचलला. पण उचलला तीन मात्रा आधी. म्हणजे त्यांची सम पडणार चौदाव्या मात्रेवर. मी माझा ताल धरून बसले असते तर अख्ख्या सभागृहासमोर नलूताई बेताल ठरल्या असत्या, तेही पंच्याहत्तरीला. बेताल हा शब्द त्यांच्या आयुष्यात कधी कुणी उच्चारला नाही.

मी मोजलं नाही. त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. श्वास भरला, खांदा खाली आला, आणि माझा हात तिथे पडला, त्यांच्याबरोबर. तीन मात्रा कुठे गेल्या ते विक्रमसिंहला ठाऊक आणि मला. लोकांनी "वाह" म्हटलं.

पडदा पडल्यावर विक्रमसिंह माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. नलूताई म्हणाल्या, "छान झालं ना गं? मला काही आठवतच नाही, इतकं छान झालं." मी हसले. थकल्या असतील, म्हटलं.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी नलूताईंचा फोन. आवाज टवटवीत.

"मधू, तो माझा कार्यक्रम कधी आहे गं? तू असणार ना?"

वही समोरच होती. मागे मागे जात राहिले. चहाचे कप. दसऱ्याची पानं, दोनदा. आठ सप्टेंबरचा फोन. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तीन महिने मी माझ्याच हाताकडे बघत होते, आणि वर त्यांच्यावर रागावले. खोटं बोलता म्हणाले त्यांना. रमाकांतांना दसऱ्यालाच कळलं होतं. मला सांगितलं नाही, कारण हात सुधारायचा होता.

"मधू? आहेस ना?"

"आहे. असणार." आवाज नीट ठेवला. "कार्यक्रमाला वेळ आहे, नलूताई. तोवर मी रोज अकराला येते. आज अंतरा घेऊ."

"ये ये. चहा ठेवते."

रमाकांत दाराशी डग्गा घेऊन उभे होते. मी म्हटलं, द्या इकडे. डाव्या हातात घेतला आणि जिना उतरले.